परक्या डोंगरावरचा राब

आमचे चाचा वळणावर हॉर्न देत. गाडीत नसले तरी.

पोलादपूर सोडून आंबेनळीचा रस्ता डोंगर चढायला लागतो, तिथून थोडं आत आमचं बालगृह होतं. ओढ्याकडे उतरणारी पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून वळणं घेत जाई. प्रत्येक आंधळ्या वळणाच्या अलीकडे चाचा थबकत, तोंडानं लांबलचक ‘पोंऽऽ’ करत, समोरून उत्तर येतं का ते कान देऊन ऐकत आणि मगच पाऊल टाकत. समोरून आलीच तर एखादी शेळी येई. त्यांचं अर्धं आयुष्य त्या घाटात ट्रक चालवण्यात गेलं होतं, आणि ट्रक विकून टाकल्यावरही घाट काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. मागून चालणारी मुलंही ओळीनं हॉर्न देत. मी तिथे शिक्षक म्हणून रुजू झालो त्या सकाळी ही वरात माझ्यासमोरून गेली, आणि मी ठरवलं की महाडच्या एखाद्या शाळेत जागा निघेपर्यंतच इथे राहायचं. पुढे जागा निघाल्याही. मी गेलो नाही.

चाचा सावित्रीकाठच्या एका गावचे. जाळीची पांढरी टोपी, ड्रायव्हरचा जुना खाकी शर्ट आणि खाली चौकड्यांची लुंगी. दाढीला मेंदी लावायला बसले की कोणीतरी हाक मारी आणि उरलेली दाढी तशीच राहून जाई. त्यामुळे त्यांचा एक गाल लाल आणि एक पांढरा असे. मी चवदार तळ्याच्या मागच्या आळीत वाढलो. दर मार्चमध्ये तळ्यावर गर्दी लोटे तेव्हा लांबच्या वाड्यांवरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणून सोडणारा एक ट्रक आम्ही लहानपणी पाहायचो. तो भाडं घेत नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो कुणाचा हे मला चाचांकडे नोकरीला लागल्यावर कळलं, आणि तेही दुसऱ्याच कुणाकडून.

बालगृह काढायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. एकदा धुक्यातून गाडी खाली आणताना घाटाच्या कठड्यावर दोन भावंडं बसलेली दिसली. आई वारलेली, बाप मुंबईला गेला तो गेलाच. चाचांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि कुठे उतरवायचं ते विचारत वाडीवाडीतून फिरले. “कुणी उतरवूनच घेईना रे,” ते सांगत. “मग काय करतो? भरलेली गाडी रस्त्यात टाकून जाता येत नाय.” त्यांच्या मालाच्या गोदामावर नवी कौलं चढली, आत चुली मांडल्या गेल्या. हळूहळू आणखी मुलं आली, महाडच्या भल्या माणसांची समिती झाली, सरकारी मान्यता मिळाली, दारावर पाटी लागली. पाटीवर चाचांचं नाव नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यांना स्वप्नं फार पडत, आणि तीही दिवसा. दुपारी जांभळीखाली आडवे होऊन डोळ्यांवर रुमाल टाकत. “मी झोपत नाय, बघतोय,” असं आधीच जाहीर करत. रुमालाखालून जे बघत ते उठल्यावर मला सांगत. बालगृहामागचा उघडा डोंगर पायरीपायरीनं हिरवा झालाय, पायरीवर एकेक पोर उभं आहे आणि धुकं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलंय.

“मग?” मी विचारायचो.

“मग काय? पोरां जेवायला आली.”

त्यांच्या सगळ्या स्वप्नांचा शेवट हाच असे. मला हसू यायचं. मुलं जेवायला तर रोजच येत होती, त्यात स्वप्न कसलं?

पण चाचा मुलांबरोबर कधी जेवत नसत, आणि त्याला कारण होतं. आमचा तांदूळ, डाळ, तेल सगळं लोकांकडून येई. महाडचे व्यापारी देत, आखातात गेलेले लोक रमजानात पाठवत, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला, कुणी नातवाच्या वाढदिवसाला. समितीनं नियम घातला होता की पानं वाढून झाली की एका मुलानं उभं राहून ‘आजचं जेवण अमुक यांच्याकडून’ असं सांगायचं आणि मग सगळ्यांनी उभं राहून हात जोडायचे. मुलं उठली की चाचा बाहेर जात आणि जांभळीखाली पाठ करून उभे राहत. नंतर स्वयंपाकघरात एकटेच जेवत. समितीशी भांडण त्यांना परवडणारं नव्हतं, कारण दुकानादुकानातून धान्य मागायला चाचांनाच जावं लागे, आणि ते समितीच्या नावावरच मिळे.

मी तरुण होतो, वाद घालायची हौस होती. म्हटलं, “चाचा, आभार मानायला शिकवणं वाईट का? चांगला संस्कार आहे.”

“मास्तर, तुमची आई ताट वाढायची तवा तुमी उभं राहून आभार मानायचे काय?”

उत्तराची वाट न बघता ते पुढे म्हणाले,

“अल्लाचं नाव घेतो, त्याला उभं राहावं लागत नाय. मी दुकानात हात जोडून येतो, तेवढं बस झालं. पोरांनी परत कशाला जोडायचे? एक दिवस तरी पोरां अशी जेवली पायजेत, की कुणी उठवलं नाय, कुणाचं नाव नाय. मी पण बसेन त्या दिवशी.”

 माझ्या मनात ते बोलणं राहून गेलं. त्यानंतर मी त्या स्वप्नांना हसणं सोडलं.

त्यांचा एक चुलतभाऊ टांझानियात दुकान चालवायचा. महाडच्या कितीतरी मुसलमान घरांतला एखादा दिवा असा समुद्रापलीकडे लागलेला असतो. हा भाऊ पुतण्याच्या लग्नाला गावी आला आणि बोलता बोलता म्हणाला, की तिकडे डोंगरात एक बालगृह आहे, ते मीठ, रॉकेल आणि कापड सोडून बाहेरून काही घेत नाही. मुलं आणि गावकरी मिळून शेती करतात आणि तेच खातात. चाचांनी हातातलं बिर्याणीचं ताट खाली ठेवलं. “मला दाखव,” म्हणाले. भाऊ हसला, त्याला वाटलं म्हातारा मस्करी करतोय. चाचांनी त्या लग्नाच्या मांडवातच त्याच्याकडून तिकिटाचं कबूल करून घेतलं, आणि इंग्रजी बोलायला मास्तर पाहिजे म्हणून माझंही. माझं इंग्रजी ऐकलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस शोधला असता.

कोकण रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. रिक्षानं वीरला गेलो, गाडीनं मुंबई, आणि तिथून विमान. विमान वळायला लागलं की चाचा हळूच ‘पों’ करत. पलीकडच्या सीटवरची बाई दर वेळी दचकून बघे. समुद्र ओलांडून, मग दिवसभर बसमधून लाल रस्त्यानं चढून आम्ही त्या डोंगरात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बसमधून उतरताच धुकं आलं. लाल माती, उतारावर केळी, कुठे तरी फणस पिकल्याचा वास, आणि धुक्यातून येणारा गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. चाचा रस्त्यातच उभे राहिले.

“मास्तर, बस फिरून परत आंबेनळीत आली काय रे?”

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. आज इतक्या वर्षांनी आठवायला गेलो तर ते दोन डोंगर माझ्या मनात वेगळे राहत नाहीत. तिकडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात मला इकडची करवंदी दिसते आणि इकडच्या ओढ्यात तिकडची मुलं. कोणतं धुकं कुठलं हे सांगता येत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही.

बालगृह चालवणारी बाई उंच, धिप्पाड, डोक्याला फडकं बांधलेली आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली अशी होती. तिला सगळे ‘मामा’ म्हणत, कारण तिथे आईच्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात. हे पचवायला चाचांना दोन दिवस लागले. मामा माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मी चाचांना मराठीत सांगायचो. चाचा मात्र सगळ्यांशी सरळ मराठीतच बोलत आणि कुणाचं काही अडत नसे.

पहिल्या सकाळी न्याहारीला वाडग्यातून तपकिरी, कोमट पेज आली. चाचांनी एक घोट घेतला आणि वाडगा तसाच धरून राहिले.

“ही नाचणी हाय.”

मी मामाला विचारलं. तिनं मूठभर धान्य आणून दाखवलं. तेच बारीक तांबूस दाणे. त्यांच्याकडे ते बापजाद्यांपासून पिकत आलं होतं. चाचांची समजूत होती की नाचणी महाड-पोलादपूरच्या वरकस, हलक्या मातीच्या उतारांवर उगवते आणि बाहेर तिला कुणी विचारत नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायचं सोडून ते तसंच दाढीत जिरू दिलं आणि पेज प्यायले.

दुपारच्या जेवणाला आम्ही मुलांसोबत लांब बाकांवर बसलो. चाचा अर्धवट उठलेलेच, बाहेर जायच्या तयारीत. “मास्तर, इचार तिला, जेवायच्या आधी कुणाचं नाव घेतात?”

मामाला प्रश्न कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “कधीकधी शेंगा कुणी सोलल्या ते सांगतात. जास्त बोलत बसलं तर जेवण गार होतं.”

मी भाषांतर केलं. चाचा हळूहळू खाली बसले. पण घास घेववेना. “आपण पावणे,” पुटपुटले, “आपलं फुकटच.” आणि चार घास खाऊन उठले.

पुढचे काही दिवस ते शेतातून फिरत राहिले. लहान मुलांचे वाफे वेगळे, मोठ्यांचे वेगळे, गावकऱ्यांचे त्यांना लागून. कुणी कुणाला हुकूम देताना दिसेना, तरी काम होत होतं. चाचा माती हातात घेऊन चुरत, वास घेत, वळणावर हॉर्न देत. मुलांना तो हॉर्न फार आवडला. चाचांच्या मनात मात्र एकच घोळत होतं, की आपण इथलं खातोय आणि काही केलेलं नाही. “काम द्या” म्हटलं की मामा हसून खुर्ची पुढे करी. पाहुण्याला कामाला लावायचं नाही, ही तिथलीही रीत.

आणि मग तो राब झाला.

आमच्याकडे पावसाच्या आधी शेताच्या एका कोपऱ्यात शेण, तोडलेल्या फांद्या, सुका पातेरा, गवत असं थरावर थर रचतात, वरून माती टाकतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, आणि त्या राखेत पेरलेलं रोप तरारून येतं. याला राब म्हणतात. चाचांची आई राब भाजण्यात वाकबगार होती. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, चालत जाते, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं.

तिकडेही पाऊस जवळ आला होता. वरच्या पायरीवर सुक्या पाल्याचा, गवताचा, केळीच्या पानांचा मोठा ढीग रचलेला चाचांनी पाहिला. बाजूला शेण. बाजूला मोकळी जमीन. कोकणातल्या माणसाला आणखी काय दिसणार? त्यांना वाटलं, सगळं जमवून ठेवलंय, भाजायचं तेवढं राहिलंय. पहाटेची नमाज झाली आणि चाचा कामाला लागले.

मला जाग आली ती वासानं. ओलसर मातीत जळणाऱ्या पाल्याचा तो वास. अर्धवट झोपेत मला वाटलं, चैत्र आलाय, मी आजोळी आहे, आणि समोरच्या शेतात राब भाजतायत. इतकं शांत मला किती दिवसांत वाटलं नव्हतं. मी तसाच पडून त्या वासात डुलत राहिलो. मग मुलांच्या किंकाळ्या ऐकू आल्या आणि मी अनवाणी धावलो.

वरच्या पायरीवर धूर उभा होता आणि त्या धुरात चाचा हातात काठी घेऊन, लुंगी खोचून, समाधानानं आग सरकवत होते. मुलं बादल्या घेऊन पळत येत होती. “पाणी नको, पाणी नको!” चाचा ओरडत होते. “चांगली लागली हाय!” मामा आली. तिनं पाहिलं आणि बांधावर बसकण मारली. त्यावरूनच मला कळलं की फार मोठं काहीतरी झालंय. तो पाला जाळायचा नव्हता. मुलांनी कितीतरी महिने रानाच्या कडेनं तो गोळा केला होता. भाजीच्या आणि कॉफीच्या वाफ्यांवर तो जाड अंथरायचा, म्हणजे माती झाकलेली राहते, ओल टिकते, आणि तोच कुजून खत होतो. त्यांच्या शेतीचा सगळा डोलारा त्या ढिगावर होता.

मी हे चाचांना सांगितलं. त्यांच्या हातातली काठी गळून पडली. मी त्यांना घाटात रात्रीबेरात्री गाडी बंद पडल्याचे किस्से हसत सांगताना ऐकलं होतं. असं पांढरंफटक तोंड कधी पाहिलं नव्हतं.

त्या घराची एक पद्धत होती. कुणाची चूक झाली की सगळी मुलं मोठ्या आंब्याखाली बसत आणि काय करायचं ते मुलंच ठरवत. मामाला त्यात बोलायचा अधिकार नसे, ती फक्त बसे. त्या दिवशी चाचांना मधोमध बसवलं. निळा स्वेटर घातलेली एक किडकिडीत मुलगी प्रश्न विचारत होती.

“तुम्ही का जाळलंत?”

चाचांनी आईची सगळी रीत सांगितली. शेण, फांद्या, पाला, माती, वारा. माझ्याकडून मामाकडे, मामाकडून मुलांकडे, असं ते पोचत होतं. मुलांनी मन लावून ऐकलं. मग ती मुलगी म्हणाली, “आणि दर वर्षी फांद्या कुठून आणता?”

“झाडांच्या तोडतो.”

“मग झाडं?”

चाचांनी मान वर करून रानाच्या कडेकडे पाहिलं. त्यांना आमच्या मागचा, राबासाठी तोडून तोडून उघडा पडलेला डोंगर दिसत असणार. मला तरी दिसत होता.

निकाल लागला. हा माणूस आता पाहुणा नाही. परत जाईपर्यंत त्यानं सर्वांत लहान मुलांच्या गटाबरोबर पाला गोळा करायचा, त्यांच्याबरोबर जेवायचं, आपली थाळी आपण घासायची. आणि सारखी माफी मागायची नाही, त्यात वेळ जातो. शेवटचं वाक्य त्या मुलीनं बोट उगारून सांगितलं.

मी बिचकत बिचकत भाषांतर केलं. वाटलं, म्हाताऱ्याला लागेल. चाचांचा चेहरा बघता बघता उजळला.

“पावणा नाय ना? नक्की बोलली ना ती?”

त्यानंतरच्या दिवसांइतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी पाठीला टोपली बांधून चिमुरड्यांच्या रांगेत शेवटी चाचा. रानाच्या कडेला सगळे वाकून पाला वेचत. वळण आलं की पुढून मागून हॉर्नचा एकच कल्लोळ. धुकं उतरलं की फक्त आवाज येत, माणसं दिसत नसत. मी वरच्या ओट्यावर बसून ऐकायचो आणि मला वाटायचं, जांभळीखालचं ते रुमालाआडचं स्वप्न कुणीतरी इथे आधीच लावून ठेवलंय. दुपारी ते बाकावर दोन पोरांच्या मध्ये बसत, बिस्मिल्ला म्हणत आणि थाळी चाटूनपुसून साफ करत. कोणी उठवत नव्हतं.

निघायच्या दिवशी मामानं त्यांचा हात हातात घेतला. भाजलेल्या जागेत मुलांनी नाचणी फेकली होती. राख वाया कशाला घालवायची, हा हिशेब. चाचा तिला म्हणाले, “मामा, तुमचा पाला मी जाळला, पण माझा डोंगर वाचवला तुमी.” मी भाषांतर करायच्या आतच ती मान हलवत होती.

परत आल्यावर चाचांनी राबाचं नाव काढणं सोडलं. मुलांना घेऊन मागच्या उतारावर पातेरा अंथरायला लागले. वरच्या धनगरवाडीतले म्हातारे रस्त्यावरून जाताना थांबून बघत.

“काय चाचा, डोंगराला गोधडी घालताव काय?”

“थंडी वाजते रे त्याला.”

गोधडी पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला मिळाली. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय, हे त्या परक्या मुलांना कुठे ठाऊक होतं? एका रात्रीत सगळा पाला, मातीसकट, खाली. समितीचे लोक येऊन हळहळ दाखवून गेले, आणि हळहळीच्या आत ‘आम्ही सांगत होतो’ हेही होतंच. चाचा जांभळीखाली रुमाल न टाकताच पडून राहू लागले. मला भीती वाटली, की हा माणूस आता बघणंच सोडून देणार.

पण त्यांनी एक गोष्ट तिकडून आणली होती, ती वाहून गेली नव्हती. चूक झाली की मुलांना बसवायचं आणि मुलांनीच ठरवायचं. जांभळीखाली मुलं बसली, मधोमध पुन्हा चाचा. सगुणा नावाची धनगरवाडीचीच एक मुलगी होती, बोलायला फटकळ. ती म्हणाली, “चाचा, तुमी पाला आधी घातलाव. आमच्या वाडीवर आधी दगड लावतात, आडवे. पाणी थांबतं मग.”

पुढचा सगळा उन्हाळा आम्ही दगड वाहिले. उतारावर आडव्या ताली रचल्या, त्यांच्यामागे पाला. मीही वाहिले, माझ्या बोटांना अजून त्याची खूण आहे. त्या वर्षी पाऊस आला, ताली राहिल्या, पाला राहिला. नाचणी गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत, आणि दिवाळीच्या सुमाराला तांबूस कणसं वळून मुठीसारखी मिटली. मळणी झाली. वर्षभर पुरेल असं काही नव्हतं, काही आठवड्यांचं असेल. तांदूळ बाहेरूनच आणावा लागणार होता. पण भाकरीचं एक पूर्ण जेवण आमचं होतं, मागच्या वाफ्यातल्या कुळथाची पिठी आणि ओल्या मिरच्यांचा ठेचा, सगळं आमचं.

दिवस ठरला आणि नेमकं त्याच दिवशी येतो असा महाडच्या शेठजींचा निरोप आला. आमचा निम्मा तांदूळ त्यांच्याकडून येई. वडिलांच्या तिथीला ते दर वर्षी स्वतः पोतं घेऊन येत आणि मुलांचं जेवण होईपर्यंत थांबत. माणूस वाईट नव्हता. पण मुलं त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन हात जोडत तेव्हा ते डोळे मिटून उभे राहत, आणि तेवढ्यासाठीच येत. समितीचे चिटणीस चाचांना म्हणाले, तुमची भाकरी दुसऱ्या दिवशी करा, शेठजी दुखावले तर वर्षाचा तांदूळ जाईल. ते खरंच होतं. चाचांनी मुलांना जांभळीखाली बोलावलं, सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, “तुमी ठरवा. मी काय बोलणार नाय.” मग पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचे हात मागे एकमेकांत इतके घट्ट गुंतले होते की नखं पांढरी पडली होती.

मुलांनी ठरवलं. शेठजी आले तेव्हा सगुणानं त्यांचं पोतं आत नेऊन ठेवायला सांगितलं आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना पंगतीत, मुलांच्या मध्ये, पाटावर बसवलं. ते गोंधळले. कुणी त्यांना आजवर बसवलंच नव्हतं, खुर्ची दिली होती. पानावर भाकरी आली, पिठी आली, ठेचा आला. कुणी उभं राहिलं नाही. शेठजी इकडे तिकडे बघत राहिले.

“आमचीच हाय,” सगुणा म्हणाली. “आमी पिकवली. जेवा.”

शेठजी माणूस रीतीचा. पाहुणचार झाला म्हणजे आभार मानले पाहिजेत, म्हणून गुडघ्यांवर जोर देत उठायला लागले, हातही जुळत आले. सगुणानं त्यांचं मनगट धरून खाली घेतलं.

“बसा ओ काका. जेवायला हात मोकळे लागतात.”

 चिटणीसांनी कपाळाला हात लावला. शेठजींनी तिच्याकडे पाहिलं, खाली बसले आणि भाकरी मोडली. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली.

तेवढ्यात सगुणाचं लक्ष दाराकडे गेलं. चाचा सवयीनं बाहेर निघून गेले होते. “चाचा,” तिनं आतूनच हाक मारली, “कुणी उठणार नाय. आत या.”

चाचा आत आले. टोपी नीट केली, शेठजींच्या शेजारची जागा सोडून दोन पोरांच्या मध्ये मांडी घातली. कुणीतरी पान वाढलं. ओठ हलवून नाव घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून तसेच बसून राहिले. पोरांची पानं अर्धी झाली तरी तुकडा हातातच होता.

“चाचा, जेवत का नाय?” सगुणानं विचारलं.

“जेवतो गो,” ते म्हणाले. “जरा बसू दे.”